पहिला खंड घेण्याआधी : मोठ्यांसाठीच्या फँटसी आणि विज्ञानकथा मालिका कशा शोधाव्यात

रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही मालिका १४ खंडांची आहे. शब्द साधारण ४४ लाख. मिनिटाला २५० शब्दांच्या वेगाने रोज तासभर वाचलं तरी संपायला जवळपास दहा महिने लागतात. इंग्रजी वाचनाची सवय कमी असेल तर वर्ष धरून चला. त्यामुळे मालिका निवडताना भाड्याचं घर बघायला गेल्यासारखं वागावं. भिंतींचा रंग आवडला म्हणून कोणी डिपॉझिट देत नाही. पाणी किती वेळ येतं, करार किती महिन्यांचा, मधेच सोडायचं झालं तर काय, हे आधी विचारतो.

'सर्वोत्तम पंचवीस' अशा याद्या ढिगाने मिळतात. त्यातलं नाव हातात आल्यावर त्याची चौकशी कशी करायची आणि त्या याद्यांत न येणारी नावं कुठून काढायची, ते इथे सांगितलं आहे. उदाहरणं बहुतेक इंग्रजीतली आहेत, कारण मोठ्यांसाठीच्या बहुखंडी मालिकांचा बाजार मुख्यतः तिथेच आहे. मराठीत विज्ञानकथा वाढली ती दिवाळी अंकांत आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेतून, म्हणजे मुख्यतः कथेच्या रूपात. सलग खंडांची कादंबरीमालिका इथे विरळाच.

पायरी १ : काय आवडतं ते कागदावर लिहा

'मला फँटसी आवडते' एवढ्यावरून पुस्तकाच्या दुकानातला जाणकारही काही सुचवू शकणार नाही. आवडलेल्या तीन कलाकृती लिहा. भाषा कुठलीही, माध्यम कुठलंही चालेल. प्रत्येकीपुढे तिने कशामुळे धरून ठेवलं ते एका ओळीत लिहा. कथानक लिहू नका, ओढ लिहा.

नारायण धारपांच्या 'समर्थ' कथा आवडल्या असतील तर ओढ बहुधा अशी असते : ओळखीच्या घरा-गावात काहीतरी अमानवी शिरतं आणि एक जाणकार माणूस त्याच्याशी झुंजतो. इंग्रजीत याला सर्वांत जवळचा कप्पा 'अर्बन फँटसी'. जयंत नारळीकरांच्या कथा आवडल्या असतील, तर एक वैज्ञानिक कल्पना घेऊन तिचे परिणाम शेवटपर्यंत ताणून बघण्याची गंमत तुम्हाला हवी आहे. तो कप्पा 'हार्ड सायन्स फिक्शन'. तिथे ल्यू त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'पासून सुरू होणारी तीन खंडांची मालिका किंवा एड्रियन चायकॉव्स्की यांची 'चिल्ड्रन ऑफ टाइम' पाहा. 'चंद्रकांता'मधले ऐयार, वेषांतरं आणि फसवाफसवी आवडली असेल, तर स्कॉट लिंच यांची ठगांच्या टोळीवरची 'द लाइज ऑफ लॉक लमोरा' जवळची वाटेल. (ही मालिका अपुरी आहे. त्याबद्दल पुढे.) आणि पेशवाईवरच्या, शिवकाळावरच्या कादंबऱ्यांतलं दरबारी राजकारण ज्यांना भावतं, त्यांनी 'एपिक' किंवा 'पोलिटिकल' फँटसीकडे वळावं. ताशा सुरी यांची 'बर्निंग किंग्डम्स' ही त्रयी भारतीय इतिहास आणि महाकाव्यांवरून स्फुरलेली आहे, तीन खंडांत (२०२१, २०२२, २०२४) पूर्ण झाली आहे, आणि तिच्या पहिल्या खंडाला, 'द जॅस्मिन थ्रोन'ला, २०२२ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला.

मागच्या कव्हरवर सतत भेटणारे आणखी काही शब्द माहीत असलेले बरे. 'ग्रिमडार्क' म्हणजे रक्तपात भरपूर आणि सज्जन माणूस शोधून सापडत नाही. 'कोझी' याच्या अगदी उलट : जगबुडी टाळायची नसते, फार तर दुकान चालवायचं असतं. 'स्पेस ऑपेरा' म्हणजे ताऱ्यांमधली साम्राज्यं, युद्धं, मोठा पट. 'रोमँटसी'त प्रेमकथा हा कणा असतो आणि जादू भोवतीने असते. 'प्रोग्रेशन' किंवा 'लिटआरपीजी'मध्ये नायकाची ताकद व्हिडिओ गेमसारखी पायरीपायरीने वाढते. अशा मालिका बऱ्याचदा दहा-बारा खंडांपर्यंत जातात. कप्पा चुकला की चांगलं पुस्तकही वाईट वाटतं. विशेषतः 'रोमँटसी' आणि 'एपिक' यांची कव्हरं हल्ली इतकी सारखी असतात की नुसत्या चित्रावरून फसायला होतं.

मोठ्यांसाठीचं पुस्तक ओळखण्याची अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे फँटसी म्हटलं की दुकानदार बालविभागाकडे बोट दाखवतो, आणि किशोरांसाठीच्या मालिकाही शेजारीच ठेवलेल्या असतात. नायकाचं वय बघून ठरवू नका. लहान मुलाच्या नजरेतून सांगितलेल्या कित्येक कादंबऱ्या प्रौढांसाठी आहेत. अमेरिकी आवृत्तीत मागच्या कव्हरवर बारकोडजवळ विषय छापलेला असतो. तिथे 'यंग अडल्ट' असं असेल तर ती किशोरांची, नुसतं 'फिक्शन' किंवा 'फँटसी' असेल तर मोठ्यांची. ह्यूगो आणि नेब्युला हे या क्षेत्रातले दोन मोठे पुरस्कार. त्यांतही ही विभागणी सरळ आहे : ह्यूगोबरोबर दिला जाणारा लोडस्टार आणि नेब्युलाबरोबरचा आंद्रे नॉर्टन हे किशोरांच्या पुस्तकांसाठी आहेत.

पायरी २ : नावं गोळा करा, पण विजेत्यांपाशी थांबू नका

ह्यूगो पुरस्कार १९५३ पासून दिले जातात आणि वर्ल्डकॉन या वार्षिक संमेलनाचे सभासद त्यासाठी मतदान करतात. २०१७ मध्ये प्रयोग म्हणून आणि २०१८ पासून कायमचा असा 'सर्वोत्कृष्ट मालिका' हा विभाग त्यात आहे. अट अशी की किमान तीन खंड आणि एकूण किमान २,४०,००० शब्द झालेले हवेत. २०१९ पासूनचे विजेते : बेकी चेंबर्स यांची 'वेफेअरर्स', जेम्स एस. ए. कोरी यांची 'द एक्स्पान्स', मार्था वेल्स यांची 'मर्डरबॉट डायरीज', शॉनन मॅग्वायर यांची 'वेवर्ड चिल्ड्रन', चायकॉव्स्की यांची 'चिल्ड्रन ऑफ टाइम', अ‍ॅन लेकी यांची 'इम्पीरियल राडच', आणि २०२५ मध्ये रिबेका रोनहॉर्स यांची 'बिटवीन अर्थ अँड स्काय'.

खरा माल अंतिम यादीत असतो. दरवर्षी सहा नावं, पाच वर्षांची तीस. काही नावं पुन्हा पुन्हा येतात, ती एकदाच मोजा; वीस-पंचवीस उरतात. पायरी १ मधला कागद शेजारी ठेवून त्यातून पाच काढा. एवढी गाळणी पुरेशी आहे. पुरस्काराला दैवी कौल मात्र समजू नका. २०१५ मध्ये एका गटाने ठरवून एकगठ्ठा मतदान करून नामांकनं भरली होती, आणि २०२३ च्या चेंगडू संमेलनात काही पात्र लेखक-पुस्तकांना कारण न देता बाद केलं गेलं. त्या दोन वर्षांच्या याद्या थोड्या सावधपणे वाचा.

या विभागात एक अंगभूत उणीव आहे. तीन खंड झाल्याशिवाय मालिका पात्रच होत नाही, म्हणजे इथे दिसणारी मालिका काही वर्षं जुनी असते. अगदी नवी मालिका हवी असेल तर पहिल्या कादंबऱ्यांकडे बघा. 'लोकस' हे मासिक १९६८ पासून या क्षेत्राच्या बातम्या देतं. त्याच्या पुरस्कारांत 'पहिली कादंबरी' असा स्वतंत्र विभाग आहे, आणि दरवर्षी फेब्रुवारीच्या अंकात येणारी शिफारस यादी संकेतस्थळावर फुकट वाचता येते. ह्यूगोसोबतच दिला जाणारा अस्टाउंडिंग पुरस्कार नव्या लेखकासाठी असतो. ब्रिटनमधला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार (पहिला १९८७ मध्ये) परीक्षक मंडळ देतं, तेव्हा तिथे लोकप्रियतेचं वजन कमी. त्या पुरस्काराकडे आलेल्या सगळ्या पुस्तकांची यादीही जाहीर होते. शंभरावर नावं असतात आणि त्या वर्षी ब्रिटनमध्ये छापल्या गेलेल्या विज्ञानकथांचा मोठा हिस्सा एका पानावर दिसतो.

स्वप्रकाशित पुस्तकांत हिरा शोधणं अवघड, कारण चाळणीच नसते. फँटसीपुरती ती चाळणी मार्क लॉरेन्स या लेखकाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्पर्धेने पुरवली. तीनशे पुस्तकं दहा समीक्षक-गटांत वाटली जातात, प्रत्येक गट एक निवडतो आणि शेवटच्या दहांना सगळेच गट गुण देतात. इंग्रजीत तिचं लघुनाव 'एस-पी-एफ-बी-ओ'. जोसाया बॅन्क्रॉफ्ट यांचं 'सेन्लिन असेंड्स' तिथे जिंकलं नव्हतं, पण तिथूनच चर्चेत आलं. पुढे ऑर्बिट या मोठ्या प्रकाशनाने ते घेतलं आणि चार खंडांची मालिका २०२१ मध्ये पूर्ण केली.

सहसा कोणी सांगत नाही अशी एक युक्ती. आवडलेल्या पुस्तकाच्या शेवटी ऋणनिर्देशाचं पान असतं. त्यात लेखक संपादकाचं नाव घेऊन आभार मानतो. ते नाव टिपून ठेवा आणि त्याच संपादकाची दुसरी पुस्तकं शोधा. लेखक बदलतात, पण संपादकाची निवड बरीच स्थिर असते, आणि संगणकाने सुचवलेल्या 'हेही वाचा'पेक्षा हा धागा जास्त वेळा बरोबर निघतो. मागच्या कव्हरवरच्या स्तुतीवर मात्र विसंबू नका. 'अमक्याच्या चाहत्यांसाठी' हे वाक्य जाहिरात विभागाचं असतं आणि स्तुती करणारा लेखक बऱ्याचदा त्याच प्रकाशनाचा.

परदेशात राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. अमेरिकेतली बरीच सार्वजनिक ग्रंथालयं सभासदांना 'नॉव्हेलिस्ट' ही माहितीपेढी फुकट वापरू देतात. मालिकेचं नाव टाकलं की तिच्यासारख्या मालिका आणि त्या कोणत्या बाबतीत सारख्या, हे ग्रंथपालांनी लिहिलेलं मिळतं. त्याच कार्डावर 'लिबी' अ‍ॅपमधून ई-पुस्तकंही येतात.

भारतात लिहिल्या जाणाऱ्या मालिकांकडे दुर्लक्ष करू नका. समित बसू यांची 'गेमवर्ल्ड' त्रयी २००७ मध्ये पूर्ण झाली. गौतम भाटिया यांच्या 'द वॉल' (२०२०) आणि 'द होरायझन' (२०२१) या दोन खंडांत एका भिंतीआड कोंडलेल्या शहराची गोष्ट आहे, आणि दोनच खंड असल्याने नवख्याला झेपते. अमीश यांची शिवत्रयी (२०१० ते २०१३) मराठीतही आली आहे. मराठीतूनच सुरुवात करायची असेल तर ती सहज मिळते.

पायरी ३ : मालिका कुठल्या अवस्थेत आहे ते तपासा

नवखे वाचक ही पायरी गाळतात आणि नंतर हळहळतात. मालिका चारपैकी एका अवस्थेत असते.

पहिली, पूर्ण झालेली. दुसरी, चालू आहे पण प्रत्येक खंडाची गोष्ट त्या खंडातच संपते. तिसरी, चालू आहे आणि प्रत्येक खंड अधांतरी थांबतो. चौथी, अडकलेली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला, सहाव्याची वाट अजून बघितली जाते आहे. पॅट्रिक रॉथफस यांच्या 'किंगकिलर क्रॉनिकल'चा दुसरा खंडही २०११ चाच. स्कॉट लिंच यांनी सात खंड योजले होते, तिसरा २०१३ मध्ये आला. तिन्ही मालिकांचा पहिला खंड उत्तम आहे, म्हणूनच लोक त्यांत अडकतात. वाचू नका असं नाही. पण शेवट मिळेलच असं धरून वाचू नका. कधी अडकलेली गाडी सुटतेही : २००७ मध्ये जॉर्डन वारले तेव्हा मालिका अपुरी होती, आणि त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड २०१३ पर्यंत पुरे केले.

तपासायचं कुठे? 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस' ही स्वयंसेवकांनी चालवलेली जुनी सूची आहे. दिसायला अगदी साधी, पण मालिकेतले सगळे खंड, मधल्या लघुकादंबऱ्या, कथा आणि त्यांची वर्षं तिथे क्रमाने मिळतात. तिथे तीन गोष्टी बघा. शेवटचा खंड कधी आला? आधीच्या खंडांमध्ये किती अंतर होतं? ते अंतर वाढत चाललंय का? पहिले तीन खंड वर्षाला एक आले असतील आणि चौथ्याला सहा वर्षं उलटली असतील, तर मालिका बहुधा चौथ्या अवस्थेत आहे. मग लेखकाच्या संकेतस्थळावर हस्तलिखिताची स्थिती पाहा. ऑनलाइन दुकानातली पुढच्या खंडाची तारीख पुरावा मानू नका. आगाऊ नोंदणी सुरू ठेवण्यासाठी तिथे बऱ्याचदा लांबची एखादी ३१ डिसेंबर टाकून ठेवलेली असते.

खंडांचा आकडा बघून घाबरायचंही कारण नाही, कारण मोठ्या मालिकेच्या पोटात बहुधा छोट्या मालिका असतात. रॉबिन हॉब यांच्या एल्डरलिंग्ज जगात १६ कादंबऱ्या आहेत, पण त्या पाच गटांत विभागलेल्या. १९९५ ते ९७ मधली पहिली 'फारसीअर' त्रयी वाचून थांबलात तरी गोष्ट पुरी होते. टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड'मध्ये ४१ कादंबऱ्या आहेत, जवळजवळ सगळ्या स्वतंत्र. तिथे पहिल्या खंडापासून सुरुवात न केलेलीच बरी : पहिल्या दोन पुस्तकांत लेखकाला अजून सूर सापडलेला नव्हता. आठवं, 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९), हे चांगलं दार आहे. 'ड्यून'चा (१९६५) पहिला खंड एकटा उभा राहतो. फ्रँक हर्बर्ट यांनी स्वतः लिहिलेले सहाच. दुकानात दिसणारे बाकीचे त्यांच्या मुलाने सहलेखकाबरोबर नंतर लिहिले आहेत. कव्हरवर आडनाव तेच असल्याने गफलत होते, तेव्हा पहिलं नाव वाचा.

अगदी पहिल्यांदाच हात घालणार असाल तर पूर्ण झालेली त्रयी किंवा छोटे छोटे स्वतंत्र खंड, या दोहोंपैकी एक घ्या. 'मर्डरबॉट'चा पहिला खंड दीडशे-एकशे साठ पानांचा आहे, एका रविवारी संपतो. पूर्ण त्रयींमध्ये सँडरसन यांची पहिली 'मिस्टबॉर्न' त्रयी (२००६ ते २००८) इंग्रजीच्या दृष्टीने सोपी. अ‍ॅन लेकी यांची 'इम्पीरियल राडच'मधली 'अ‍ॅन्सिलरी' त्रयी (२०१३ ते २०१५) त्यापेक्षा अवघड : निवेदक सगळ्यांनाच 'ती' म्हणतो, आणि पहिली चाळीस-पन्नास पानं कोण बाई, कोण बुवा हा गोंधळ होतो. तो गोंधळ मुद्दाम केलेला आहे. सुरुवातीला हे माहीत असलं की पुस्तक सुटत नाही.

पायरी ४ : क्रम पक्का करा

नियम एकच : ज्या क्रमाने प्रसिद्ध झालं त्या क्रमाने वाचा. कथेतल्या काळाचा क्रम दुसऱ्या वाचनासाठी ठेवा. आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन'ची मूळ तीन पुस्तकं १९५१ ते ५३ मधली. आधीचा काळ सांगणारी दोन १९८८ आणि १९९३ मध्ये आली. ती आधी वाचली की मूळ पुस्तकांतल्या कोड्यांची उत्तरं फुकट हातात येतात. 'मर्डरबॉट'मध्ये 'फ्युजिटिव्ह टेलिमेट्री' (२०२१) हे 'नेटवर्क इफेक्ट'च्या (२०२०) आधीच्या काळात घडतं. तिथे काळाप्रमाणे वाचलं तरी बिघडत नाही, पण असा अपवाद क्वचितच.

भाषांतरित मालिकांत प्रसिद्धीचा क्रमही दगा देऊ शकतो. आंद्रे सापकोव्स्की यांची 'विचर' मालिका मूळ पोलिश. आधी दोन कथासंग्रह, मग पाच कादंबऱ्या. इंग्रजीत मात्र पहिला संग्रह २००७ मध्ये, पहिली कादंबरी २००८ मध्ये आणि दुसरा संग्रह थेट २०१५ मध्ये आला. कादंबऱ्यांवरच्या 'खंड १' या छापावर भरवसा ठेवून ज्यांनी सुरुवात केली, त्यांना नायक आणि सिरी या मुलीचं नातं जुळतं तो भागच वाचायला मिळाला नाही. भाषांतर असेल तर मूळ भाषेतला क्रम बघा.

यादीत ०.५ किंवा १.५ असे आकडे दिसतात, ते मधल्या लघुकथा किंवा लघुकादंबऱ्या. पहिल्या वाचनात त्या सोडल्या तरी चालतं.

पायरी ५ : तारे मोजू नका, गळती मोजा

गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर बऱ्याच मालिकांच्या पाचव्या खंडाला पहिल्यापेक्षा जास्त तारे दिसतात. त्यावरून मालिका सुधारत गेली असा निष्कर्ष काढू नका. ज्यांना आवडली नाही ते दुसऱ्या-तिसऱ्या खंडालाच उतरले. पाचव्यापर्यंत उरले ते भक्त, आणि तारे त्यांनीच दिले.

त्यापेक्षा प्रत्येक खंडाला किती जणांनी तारे दिले तो आकडा बघा. समजा, पहिल्या खंडाला एक लाख, दुसऱ्याला पंचावन्न हजार, तिसऱ्याला अठ्ठेचाळीस हजार. इथे पहिल्यानंतर गळती झाली, पण जे राहिले ते टिकले, म्हणजे पहिला खंड तुम्हाला आवडला तर पुढे धोका कमी. याउलट एक लाख, सत्तर हजार, पंचवीस हजार असेल तर दुसऱ्या खंडात काहीतरी मोडलंय. ताज्या मालिकेला मात्र हे माप लावू नका. तिसरा खंड महिन्यापूर्वी आला असेल तर आकडा लहानच असणार.

अजून बाजारात न आलेल्या पुस्तकाला मिळालेले तारे सोडून द्या. त्यात प्रकाशकाने वाटलेल्या आगाऊ प्रतींचे वाचक असतात आणि नुसत्या उत्साहाने तारे देणारेही. परीक्षणं वाचायची तर तीन ताऱ्यांची वाचा. पाचवाले आरती ओवाळतात, एकवाले चिडलेले असतात. काय जमलं आणि काय फसलं, दोन्ही सांगतात ते तीनवाले. आणि तक्रार नीट वाचा : 'फार संथ, निम्मं पुस्तक जेवणावळी आणि राजकारण' हे कुणाचं रडगाणं असेल, तुमच्यासाठी ती शिफारसही असू शकते.

हिंसा, लैंगिक अत्याचार, मुलांचे मृत्यू यांपैकी काही नको असेल तर 'स्टोरीग्राफ' या वाचकांच्याच दुसऱ्या संकेतस्थळावर पाहा. तिथे वाचक अशा गोष्टींची नोंद तीव्रतेनुसार करतात, शिवाय पुस्तकाची गतीही नोंदवतात. ग्रिमडार्क घेताना हे आधी बघितलेलं बरं.

पायरी ६ : नमुना वाचा

किंडलवर बहुतेक पुस्तकांची पहिली सुमारे दहा टक्के पानं फुकट मिळतात, गुगल प्ले बुक्सवरही नमुना असतो. अडचण एवढीच की एपिक फँटसीत नकाशे, वंशावळ, पात्रयादी आणि प्रस्तावना यांतच निम्मा नमुना संपतो, आणि त्या प्रस्तावनेतली माणसं पुढे पाचशे पानं भेटतही नाहीत. नमुना तोकडा निघाला तर निकाल देऊ नका. त्या लेखकाची एखादी कथा शोधा : 'क्लार्क्सवर्ल्ड', 'अनकॅनी', 'लाइटस्पीड', 'रिअ‍ॅक्टर' (आधीचं टॉर डॉट कॉम) इथे कथा फुकट वाचता येतात. वीस मिनिटांत लेखकाची भाषा झेपते की नाही ते कळतं.

पुस्तक सुरू केल्यावर कधी सोडायचं? सिएटलच्या माजी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम प्रसिद्ध आहे : पन्नास पानं द्या, आणि तुमचं वय पन्नाशीपुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, साठीच्या वाचकाने चाळीसच द्यावीत. साध्या कादंबरीला हे ठीक. नवं जग उभं करणाऱ्या जाड पुस्तकाला मात्र पन्नास कमी पडतात, शंभर द्या. त्या शंभरात नावं आणि शब्द कळले नाहीत तर चालेल, ते पुढे आपोआप उलगडतात. पण एकाही माणसाचं पुढे काय होईल याची उत्सुकता वाटली नाही, तर बंद करा. 'चौथ्या खंडापासून खरी मजा येते' असं सांगणाऱ्याला नम्रपणे चहा पाजा आणि दुसरं पुस्तक उघडा.

पायरी ७ : विकत घेताना

भारतात बहुतेक वेळा ब्रिटिश आवृत्त्या येतात, आणि तिथे जाड खंड पेपरबॅकमध्ये दोन तुकड्यांत विकण्याची पद्धत आहे. मार्टिन यांचा तिसरा खंड 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' आणि पाचवा 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' असे तोडलेले आहेत. म्हणून पाच खंडांच्या मालिकेचा संच सात पुस्तकांचा दिसतो. सँडरसन यांचं 'द वे ऑफ किंग्ज'ही 'भाग एक' आणि 'भाग दोन' असं मिळतं. नुसता 'भाग दोन' स्वस्तात दिसला म्हणून तो मालिकेचा दुसरा खंड समजून घेणारे खूप असतात. कव्हरवर 'पार्ट' लिहिलंय की 'बुक', ते बघा; संशय आला तर आतल्या पानावरचं मूळ पुस्तकाचं नाव वाचा. नावंही बदलतात : अमेरिकेत नुसतं 'मिस्टबॉर्न' म्हणून विकलेला पहिला खंड ब्रिटिश आवृत्तीत 'द फायनल एम्पायर' आहे. तेच पुस्तक दोनदा घरी येऊ शकतं.

पूर्ण संच एकदम घेऊ नका, सवलत कितीही असो. पहिला खंड घ्या. तो निम्मा झाल्यावर दुसरा मागवा, म्हणजे वाचन तुटत नाही आणि पैसेही अडकत नाहीत. कपाटात सगळे खंड एकसारखे दिसायला हवे असतील तर मात्र आवृत्ती बघूनच मागवा; मालिका चालू असताना प्रकाशक कव्हर आणि आकार बदलतात, आणि जुन्या रूपातले मधले खंड मिळेनासे होतात.

पदपथावरच्या निम्म्या किमतीच्या नव्याकोऱ्या प्रती बहुधा चोरीच्या छपाईच्या असतात. लेखकाचं नुकसान होतंच, वाचकाचंही होतं : हजार पानांचं पुस्तक पातळ कागदावर आणि हलक्या गोंदावर टिकत नाही, पानं गाळलेली किंवा दोनदा आलेली असतात, नकाशा काळा डाग बनतो. जुनी अस्सल प्रत याहून केव्हाही बरी. ती घेताना पुस्तकाची पाठ वाकवून बघा आणि शेवटची वीस पानं मोजा. जुन्या पेपरबॅकमधून आधी तीच निसटतात.

ई-पुस्तकाचे हक्क देशाप्रमाणे विकले जातात. अमेरिकी खात्यावर दिसणारा खंड भारतीय खात्यावर दिसला नाही तर तुमचं शोधणं चुकलेलं नाही. ज्या खात्यावर पहिला खंड घेणार, तिथे शेवटचा मिळतो का ते आधीच बघा. किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेत असलेल्या स्वप्रकाशित मालिकांची ई-पुस्तकं करारामुळे दुसऱ्या दुकानात नसतात. त्या इतरत्र शोधत बसू नका.

वाचायला बसल्यावर

पात्राचं नाव गुगलवर टाकू नका. दोन अक्षरं टाइप करताच खाली 'मृत्यू', 'कोणाशी लग्न' अशा सूचना येतात आणि तिसऱ्या खंडातलं गुपित पहिल्यातच फुटतं. चाहत्यांनी बनवलेल्या विकींचंही तेच. तिथे पहिल्या परिच्छेदातच माणूस मेलेला असतो. कागदाची एक पट्टी बुकमार्क म्हणून ठेवा आणि तिच्यावर नाव, नातं, गाव एवढंच लिहीत जा. पहिल्या खंडात वीस-पंचवीस नावं होतात. खंड संपला की त्याच पट्टीच्या मागे पाच ओळींत शेवट लिहा : कोण कुठे आहे, कुणाला काय माहीत आहे, कोणता प्रश्न उघडा राहिला. पुढचा खंड दोन वर्षांनी आला तर आधीची आठशे पानं पुन्हा वाचावी लागणार नाहीत, पट्टी पुरेल. ती पुस्तकातच ठेवा, आणि पुस्तक कुणाला वाचायला देण्याआधी काढून घ्या.